अण्णांची पट्टी उतरली : बासच्या तारांची वही

१३ जुलै २०२५, रविवार

दिवाळी पहाट नक्की झाली. २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, पहाटे साडेपाच, ठाण्यातलं उघडं मैदान. तीन महिने हातात आहेत म्हणून ही वही काढली. नाहीतर दर वेळी काय केलं होतं ते विसरतो आणि तेच पैसे पुन्हा घालवतो.

भानगड अशी की आमचे गायक अण्णा अर्ध्या सुरानं उतरले. आमच्या ग्रुपमध्ये ते आजवर पेटीच्या पांढरी तीनला गात आले. पांढरी तीन म्हणजे ई, आणि ई म्हणजे माझ्या बास गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार. डावा हात खिशात घालून सा वाजवावा, इतकी सोय. यंदा पहिल्याच तालमीला ते म्हणाले, "आता काळी दोन धरू या रे, वरचा पंचम ओढवत नाही." कीबोर्डवाल्यानं एक बटण दाबलं. ढोलकीवाल्या दादांनी पाना काढून आटे सैल केले. मी ई तारेची खुंटी उतरवली आणि तार लोळायला लागली.

लोळते म्हणजे कशी, ते लिहून ठेवतो. हळू छेडली तर ठीक. जरा जोर दिला की सूर आधी वर उडतो आणि मग खाली येऊन बसतो, शिवाय तार फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, खडखडते. बोटाखाली ताठ काही लागतच नाही. नाडी ओढल्यासारखं वाटतं.

वाद्य: पी-बास (फेंडर कंपनीची प्रिसिजन बास) छापाचं, चार तारी (जाडीकडून बारीक: ई, ए, डी, जी), नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खालची घोडी) ३४ इंच. ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालेल्या एका काकांकडून वीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं. सध्याच्या तारा निकेलच्या मुलाम्याच्या राऊंडवाऊंड (गोल तारेचं वेष्टण असलेल्या), ४५ ते १०५. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. जाड ई तार म्हणजे २.६७ मिलिमीटर. चढवून दोन वर्षं झाली. पावसाळी हवा आणि माझा घाम मिळून त्या काळपट पडल्यात.

"पाच तारी घे" हा सल्ला तालमीतच तिघांनी दिला. पाचव्या तारेचा बी सेकंदाला साधारण ३१ कंपनांचा. मैदानातले भाड्याचे स्पीकर तो ऐकवतच नाहीत, नुसते हलतात. वर रुंद नेक (दांडा), नवं वाद्य, नवे हप्ते. विषय बंद. वाद्य हेच, बदलायच्या त्या तारा.

१९ जुलै, शनिवार

धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन आलो. आधी काहीच प्रयोग नको, नव्याकोऱ्या तारांवर हेच वाद्य कसं बोलतं ते ऐकू, म्हणून त्याच मापाचा, त्याच प्रकारचा संच घेतला. लोकलमध्ये पाकीट चारदा उघडून पाहिलं. हे वय जाईल तेव्हा जाईल.

रात्री तारा चढवल्या. सगळ्या एकदम काढत नाही. एक उतरवायची, एक चढवायची, म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. ई झाली. ए च्या वेळी घोळ केला. नियम मला पाठ आहे: खुंटीच्या पुढे चार-साडेचार इंच जास्त ठेवायची, कापायच्या जागेच्या अलीकडे तार काटकोनात दुमडायची आणि मगच पक्कड लावायची. कारण बासची तार म्हणजे एक अखंड तार नाही. आत षट्कोनी गाभा, त्यावर बारीक तारेचं वेष्टण. दुमड नसेल तर कापल्याक्षणी वेष्टण गाभ्यावरून सैल सुटतं. फोन वाजला, मी एका हातानं "हॅलो" म्हणालो आणि दुसऱ्या हातानं सरळ तार कापली.

चढवून वाजवली. ठण्ण नाही, ठप्प. नवी कोरी तार, पाच मिनिटांत मेली. सुटी ए मिळवायला पुन्हा धोबीतलाव कोण गाठणार? जुनी ए तार सरळ करून परत लावली. तीन नव्या, एक जुनी. चालेल तालमीपुरतं.

२० जुलै, रविवार

आज हिशेब. ई तार उतरवल्यावर किती सैल पडते, याचा आकडा हवा होता. उतरवलेल्या जुन्या ई तारेच्या मधला बरोबर ५० सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला: १८ ग्रॅम. म्हणजे मीटरला ३६. (बायकोनं काटा पुसून परत ठेवायला सांगितलं. पुसला.) बारीक जी तारेचा तेवढाच तुकडा ३ ग्रॅम दाखवतो, पण काटा पूर्ण ग्रॅमचाच असल्यानं त्यावर भरवसा नाही.

सूत्र अकरावीतलंच आहे. तारेच्या लांबीची दुप्पट गुणिले कंपनसंख्या, त्याचा वर्ग, गुणिले मीटरमागचं वजन. लांबी ०.८६४ मीटर, ई ची कंपनं ४१.२. ते ९.८ नं भागलं, उत्तर आलं साडेअठरा किलोंचा ताण. एकट्या ई तारेचा! चारही तारा धरल्या तर सत्तर-पंच्याऐंशी किलोंच्या घरात जातं. तो लाकडी दांडा रात्रंदिवस एक माणूस ओढून धरतोय म्हणा ना.

आता तीच तार काळी दोनला उतरवली, म्हणजे ३८.९ कंपनांवर. ताण १६.६ किलो. दोन किलो गेले. पांढरी दोनला तर १४.८. सूर थोडाच उतरतो, पण ताण वर्गानं उतरतो, म्हणून हाताला फरक कानापेक्षा जास्त जाणवतो. आजवर मी याला "मनाचे खेळ" म्हणत होतो.

उलटा हिशेब: १०५ ऐवजी ११० ची तार घेतली तर? वजन जाडीच्या वर्गानं वाढतं. मीटरला साडेएकोणचाळीस ग्रॅम, आणि काळी दोनला ताण १८.२ किलो. म्हणजे अण्णांच्या नव्या पट्टीत ११० ची तार हाताला जवळपास तशीच लागेल जशी जुन्या पट्टीत १०५ ची लागायची. जाडीत फरक सव्वा दशांश मिलिमीटरचा.

सगळं वाद्यच अर्ध्या सुरानं उतरवायचं ठरवलं. एकटी ई उतरवली की बोटांचे सगळे आकार विस्कटतात. पूर्ण उतरवलं तर मोकळी जाड तार पुन्हा अण्णांचा सा, पंचम शेजारच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, जिथे तो कायम होता तिथेच.

२७ जुलै, रविवार

तालीम, तीन तास. फोनवर आणि मिक्सरमधून असं दोन्हीकडे रेकॉर्ड केलं.

नव्या तारा म्हणजे नव्या तारा. खोलीत एकट्यानं वाजवताना पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा लखलखीत नाद येतो, मन खूश. सगळे वाजायला लागले की हीच लखलख कीबोर्डच्या डाव्या हातात आणि ढोलकीच्या चाटेत घुसते. आणि भावगीताच्या संथ आलापीखाली बोट एका फ्रेटवरून दुसऱ्यावर सरकवलं की "चर्रर्". मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज इतका स्पष्ट आहे की कुणीतरी मागे पँटची चेन ओढतंय असं वाटतं.

आता गंमत. चहाच्या वेळी कीबोर्डवाला म्हणाला, "तुझे काही सूर एकदम बसतात रे, गोल, जाडसर. बाकीचे मात्र पुढे येतात. एकसारखं वाजव की." मला राग आला. वीस वर्षं वाजवतोय, एकसारखं वाजव म्हणे. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं, हातात कागद घेऊन. जे सूर "बसतात" त्यांच्यावर खुणा केल्या. सगळेच्या सगळे ए तारेवरचे. म्हणजे त्या दोन वर्षांच्या, घामानं काळ्या पडलेल्या, कामचलाऊ म्हणून लावलेल्या तारेवरचे.

मी पैसे खर्चून तीन तारा बिघडवल्या आणि हातून नासधूस झाली म्हणून एक वाचली.

३ ऑगस्ट, रविवार

कारण उघड आहे, पण लिहून काढलं की डोकं स्वच्छ होतं.

राऊंडवाऊंड तारेवर वेष्टणाची तार गोल असते. तिच्या दोन वेढ्यांमध्ये खाच राहते. नवी असते तेव्हा वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) लांबपर्यंत टिकतात, म्हणून लखलख. मग त्या खाचांत घाम, तेल, मळ, गंज बसतो. वरचे स्वरांश आधी मरतात, खालचा मूळ स्वर राहतो. बोटाचा चर्रर् आवाज येतो तोही त्याच खाचांवरून. पोलादी वेष्टण असेल तर लखलख आणखी जास्त आणि फ्रेटही लवकर झिजतात. निकेल त्या मानानं मवाळ.

फ्लॅटवाऊंडमध्ये गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, पृष्ठभाग गुळगुळीत. खाच नाही, चर्रर् नाही, आणि वरचे स्वरांश जन्मापासूनच कमी. तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचं तर राऊंड म्हणजे खुली जवारी, फ्लॅट म्हणजे बंद जवारी. जवारीत घोडीच्या माथ्याला घासून आकार देतात आणि तार तिथे किती निसटती टेकते यावर सगळं ठरतं. बासच्या तारेचं गणित वेगळं आहे. पण कानाला पडणारा फरक हाच. गवय्यासोबत कुठली जवारी हवी हे मिरजेचा कारागीर आधी विचारतो. मी गेली वीस वर्षं दुकानदाराला फक्त "चार तारी, ४५-१०५" एवढंच सांगत आलो.

खरं तर बास गिटार जन्मली ती फ्लॅट तारांवरच. फेंडरची प्रिसिजन १९५१ ची. तेव्हा उभ्या डबल बासच्या जागी तिला घ्यायचं होतं, म्हणून तसाच गोल, बुजलेला आवाज हवा होता. राऊंडचं वेड नंतरचं. १९६६ साली इंग्लंडमध्ये 'द हू' या रॉक बँडचा बासवादक जॉन एन्टविसल आणि रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून पियानोसारखा वाजणारा राऊंड तारांचा संच बसवला. रॉकमध्ये बासला गिटारच्या पुढे यायचं होतं. मला कुणाच्या पुढे यायचंय? अण्णांच्या? शोभेल का?

गाण्यांची यादी समोर घेतली. एकूण अठरा: अकरा भावगीतं-भक्तिगीतं, चार जुनी हिंदी, दोन लावण्या, एक भूपाळी. राऊंडची लखलख खरोखर लागेल अशी यात हिंदीतली फार तर दोन.

ठरलं. फ्लॅट.

९ ऑगस्ट, शनिवार

तारा उकळायच्या युक्तीबद्दल दादांच्या मुलानं विचारलं, म्हणून एक ओळ. होय, जुन्या राऊंड तारा पाण्यात दहा मिनिटं उकळल्या की मळ सुटतो आणि थोडे दिवस लखलख परत येते. कॉलेजात आम्ही आईच्या कुकरमध्ये करायचो. आता मला त्याच्या बरोबर उलटं हवंय. तारा मळवायची युक्ती असेल तर सांगा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

भाचा म्युनिकहून आला, त्याच्याकडून थोमास्टिकचा फ्लॅट संच मागवला होता. व्हिएन्नाचा माल, ४३-५६-७०-१००. इथल्या साध्या राऊंड संचाच्या कितीतरी पट किंमत. भाच्यानं पैसे घेतले नाहीत, त्यामुळे आता त्याला नावं ठेवायची सोय राहिली नाही.

आधी सरळ ई-ए-डी-जी लावून वाजवल्या. काय सांगू. या तारांचा ताण मुद्दाम कमी ठेवलेला असतो, बोटाखाली लोणी. डाव्या हातानं सूर दाबून किंचित हलवला की मींड घेतल्यासारखा डुलतो. फ्लॅट असूनही आवाज मेलेला नाही, मध्यात एक घोगरा गोडवा आहे, पुरुषाच्या गुणगुणण्यासारखा. अर्धा तास मी काहीच लिहिलं नाही, नुसता वाजवत बसलो. दारावर झेंडावंदनाची वर्गणी मागायला सोसायटीचे लोक आले तेव्हा भानावर आलो.

मग अर्धा सूर उतरवला. संपलं. जी मुळातच कमी ताणाची, ती उतरवल्यावर काय उरणार? १०० ची ई काळी दोनला नुसती फडफडते. तार वर घ्यावी, म्हणजे ब्रिजवरचे स्क्रू पिळून उंची वाढवावी, तर खडखड थांबते पण सूर उडायचा तो उडतोच. आणि उंच तारेवर बोट दाबलं की सूर चढा लागतो.

नव्या तारा कापून वजन करायचं धाडस झालं नाही. गरजही नव्हती, हातच सांगत होता.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीतले दोन कार्यक्रम थोमास्टिकवर केले. दोन्हींत ताई गाणार होत्या, काळी चारला. त्यांच्या पट्टीत माझा सा जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणून वाद्य उतरवायचा प्रश्नच नव्हता. साउंडवाल्यानं आपणहून विचारलं, "काय बदललंत? आज मी तुमचा आवाज मिक्सरवर कमीच नाही केला." एवढी दाद बासवाल्याला पुरते.

मंडपात दमट इतकं की स्टँडवरच्या कागदांची टोकं वळली. राऊंड तारा अशा आठवड्यात मान टाकतात. या जशाच्या तशा.

म्हणजे फ्लॅट हा निर्णय बरोबर. संच चुकीचा, तोही फक्त अण्णांसाठी.

१४ सप्टेंबर, रविवार

एका मित्राच्या फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बासवर काळ्या नायलॉन वेष्टणाच्या तारा वाजवून पाहिल्या, त्याला टेपवाऊंड म्हणतात. आत पोलादी गाभा असल्यानं पिकअपला (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकाला) चालतात. आवाज उभ्या बासच्या सगळ्यात जवळचा, बोटांना मऊ. पण त्याचा संच ६० ते ११५ चा. नायलॉन हलकं, म्हणून जाडी जास्त असूनही ताण कमीच. माझ्या नटच्या खाचा त्यासाठी इतक्या रुंद कराव्या लागतील की परत साध्या तारा लावल्या तर त्या खाचेत डुगडुगतील. नको.

उरला तो जुना, जाड, राक्षसी संच. ला बेला, ५२-७३-९५-११०. मागवला.

२८ सप्टेंबर, रविवार

आला. शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत हेच काम. खाली सोसायटीत गरब्याचा सराव, वर मी आणि कानस.

याच मापाचा ला बेला संच जेम्स जेमरसन वापरायचा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतला माणूस, साठच्या दशकातल्या तिथल्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्डवरचा बास त्याचा. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, वापरायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. पाकीट उघडून पहिली तार हातात घेतली तेव्हा पटलं. ही काही वर्षाला बदलायची वस्तू नव्हे. गुंडाळी सोडली तर स्प्रिंगसारखी उसळून कपाटावर आपटली.

नट. जुन्या खाचा ४५-१०५ च्या. जी तार १.१४ ची १.३२ मिलिमीटर झाली. ई च्या खाचेत तार बसल्यासारखी दिसत होती, पण खुंटी फिरवताना "टक्, टक्" करत सूर उड्या मारत चढायचा. ते अडकल्याचं लक्षण. कानस सरळ घालायला भीती वाटली. खाच खोल गेली तर नटच बदलावा लागतो. म्हणून जुन्या राऊंड तारांच्या तुकड्यांवर बारीक पॉलिशपेपर गुंडाळला आणि त्यानं खाचेच्या फक्त बाजू घासल्या. पाच वेळा पुढे-मागे, तार घालून बघ, पुन्हा पाच वेळा. ए ला वेळ लागला, तिथे जाडीची उडी मोठी आहे. शेवटी पेन्सिलीच्या टोकाचं शिसं खाचेत घासलं. टक्-टक् बंद.

या वेळी चारही तारा आधी दुमडल्या, मग कापल्या. फोन दुसऱ्या खोलीत होता.

नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट. कोपऱ्यावरच्या स्कूटर मेकॅनिककडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणलं होतं. आधीची फट ०.३ मिलिमीटर, या तारांनी काळी दोनच्या सुरावरसुद्धा ०.५५ केली. म्हणजे माझा ११० चा हिशेब थोडा कमीच भरला होता. मी वजन राऊंड तारेचं धरलं. फ्लॅटमध्ये पट्टी खचाखच बसते, मध्ये पोकळी कमी, म्हणून तेवढ्याच जाडीची तार आणखी वजनदार. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, तिचा बाक सरळ करणारी सळई) पाव फेरा दिला आणि रात्रभर सोडलं. लाकडाला घाई चालत नाही. सकाळी ०.४. आणखी अर्धा पाव, दुपारी ०.३. पुरे.

सतराव्या फ्रेटवर उंची ई ला २.४, जी ला २ मिलिमीटर. मग बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेशी जुळवला. जाड तारेमुळे ई ची ब्रिजवरची घोडी दीड मिलिमीटर मागे घ्यावी लागली.

आणि आवाज. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं निराश झालो. थोमास्टिकचं गुणगुणणं इथे नाही. हा आवाज लाकडी आहे. सूर येतो, जाड गोळ्यासारखा पडतो, आणि फार न रेंगाळता जातो. डाव्या हाताला मेहनत दुप्पट, मींड-बिंड विसरा. पण ई तार! काळी दोनला, जोरात छेडली तरी सूर जागचा हलत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

तालीम. काल रात्री डाव्या करंगळीला फोड आला, तो पट्टी लावून वाजवला.

एकट्यानं ऐकताना जे मेलेलं वाटत होतं ते सगळ्यांच्यात नेमकं बसलं. डग्गा आणि बास यांची कायमची मारामारी असते, दोघांनाही तळमजल्यावरच राहायचंय. राऊंडचा सूर रेंगाळायचा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यावर चढायचा. हा पडतो आणि बाजूला होतो, डग्ग्याला जागा मिळते. तबलजी काही बोलला नाही, पण दोन गाण्यांनंतर त्यानं घुमारा लांबवायला सुरुवात केली. त्याला जागा दिसली असणार.

ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडाही घालून पाहिला. जुन्या प्रिसिजनच्या ब्रिजवरच्या झाकणात असा तुकडा कंपनीकडूनच यायचा. लावणीला झकास, प्रत्येक सूर ठोक्यासारखा. भावगीतात मात्र फारच कोरडं, नुसतं थप-थप. लावण्यांपुरता ठेवायचा, बाकी खिशात. भांडी घासायचा नवा स्पंज अर्धा कापलाय हे घरी अजून कळलेलं नाही.

हिंदीतल्या त्या दोन गाण्यांत लखलख नाही, हे खरं. नखाजवळच्या कडेनं, ब्रिजकडे सरकून वाजवलं तर थोडी येते. पूर्ण नाही येत. ते नुकसान मान्य.

अण्णा शेवटी म्हणाले, "आज खाली काहीतरी धरायला होतं." तारा बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तीन आठवडे झाले, तारा ताणून बसल्या. सूर दिवसभर हलत नाही. नेक पुन्हा मोजली, ०.३ वर कायम. फोड वाळला. पिशवीत: केबल दोन, स्पंज, अ‍ॅलन की, आणि थोमास्टिकचा संच गुंडाळून. तुटायची नाही, पण पहाटे पाचला धोबीतलाव उघडं नसतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

झालं. रात्री लिहितोय.

साडेचारला मैदानावर. हवेत गारवा, गवतावर दव, लांबवर फटाके सुरू झालेले. साउंड चेकला सूर बरोबर. स्टेजवरचे दिवे पेटल्यावर वीस मिनिटांत तारा तापल्या आणि सूर केसभर उतरला. पहिल्या गाण्याआधी पुन्हा जुळवला. भूपाळी, दोन अभंग, छान गेले.

चौथ्या गाण्यानंतर निवेदिका बोलायला उभी राहिली आणि अण्णा माझ्याकडे वाकले. घसा बसत चालला होता, पहाटेच्या दवानं. म्हणाले, "पुढचं पांढरी दोन घेऊ का रे? तुला जमेल ना?"

कीबोर्डवाल्यानं बटण दाबलं. दादांनी पाना काढला. मी क्लिपचा ट्यूनर लावून ई ची खुंटी आणखी अर्धा सूर उतरवली, आवाज बंद ठेवून, निवेदिकेच्या दोन वाक्यांत. मनात हिशेब चालू होता: ११० ची पांढरी दोनला, सोळा किलोंच्या वर. जवळपास जुलैतल्या त्या काळी दोनच्या सैल १०५ इतकाच ताण, जिच्यामुळे ही वही सुरू झाली.

पण फ्लॅट वजनदार, आणि तीन आठवड्यांत माझाही हात बदलला होता. जोरात ओढायची सवयच उरली नव्हती. पहिला सा तर्जनीनं, नेकच्या बाजूला, हलका वाजवला. लोळली नाही. पुढची तीन गाणी तशीच काढली, बाकीच्या तारांवरचे आकार एक-एक फ्रेट खाली सरकवत. एका ठिकाणी चुकलो, पंचमाऐवजी मध्यम लागला, दादांनी मान वळवून पाहिलं.

मध्यंतरात अण्णांनी गरम पाणी प्यायलं आणि परत काळी दोनला आले. मीही खुंटी वर घेतली. उद्या ई च्या नटची खाच एकदा बघायची आहे. वर घेताना एक बारीक "टक्" ऐकू आलं.